जाळीतले पेरू

दुपारच्या आत पेरूंचा ट्रक भरला, तर पॅकिंग शेडच्या मुकादमाला मॅनेजरची खुर्ची मिळणार होती. आणि पेरू तपासणाऱ्या मावशीला हाकललं, की परत आलेल्या किडक्या मालाचं खापरही तिच्याबरोबर जाणार! सुट्टीसाठी मावशीकडे आलेल्या चष्मिसने हा हिशेब मांडला, तोवर मुकादमाने लोखंडी स्टूल भिरकावलंही होतं. मावशीच्या कपाळातून रक्ताची धार लागली.

"मशीन तूच बिघडवून ठेवलंस! चालती हो!"

"मी चार दिवस रजेवर होते!" पदराने जखम दाबत मावशी ओरडली.

तिचं मशीन हौदाच्या पाण्यात बुडवलेल्या पेरूत कानाला न ऐकू येणारा आवाज सोडी. अळीने पोखरलेल्या भोकात हवा असते. त्या हवेवर आपटून आवाज मागे फिरला, की लाल दिवा!

"ताई, पेरूंना आंघोळीआधीच स्वेटर!" चष्मिसचा धाकटा भाऊ टिल्लू खिदळला.

चष्मिसने पाहिलं. पॅकिंगची फोमची जाळी पेरूंना आधीच चढवली होती!

"अरे, फोममध्ये हवाच हवा! मग प्रत्येक पेरूला लाल दिवा लागायला हवा. हे मशीन गप्प कसं?"

मावशीच्या शेजारी राहणारा भोपळ्या मशीनखाली वाकला. "याचा कानच पिळलाय! आवाज पकडायची कळ शून्यावर!"

त्याने कळ फिरवली. लाल! लाल! लाल!

मुकादमाने त्याची मानगूट धरून त्याला क्रेटवर आपटलं. ओठ फुटला, पण भोपळ्या कसला सोडतो! त्याने मनगटाचा कडकडून चावा घेतला. क्रेटची चळत कोसळली, टिल्लूने फेकलेले ओले पेरू मुकादमाच्या नाकावर फुटले, आणि पाय घसरून तो थेट हौदाच्या काठावर तोंडघशी!

धडाधड आवाज ऐकून मालकीणबाई धावत आल्या. कळ शून्यावर होती, हे भोपळ्याने त्यांना सांगितलं. चष्मिसने एक पेरू जाळीसकट बुडवला: लाल. जाळी काढली: हिरवा. कापला: स्वच्छ! दुसरा उघडाच बुडवला: लाल. कापला, तर आत अळी वळवळत होती.

"कळ कोणी बंद केली?" मालकीणबाईंनी विचारलं.

"मग काय करू?" रक्त थुंकत मुकादम खेकसला. "जाळी नंतर घालायला वेळ लागतो, आणि आधी घातली की हे बोंबलतं!"

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

"पोरांनो, तुमचे कान मशीनपेक्षा तिखट!" म्हणत मालकीणबाईंनी मावशीला मॅनेजरच्या खुर्चीवर बसवलं.

मावशीला तीन टाके पडले, भोपळ्याचा ओठ टम्म सुजला. मुकादमाचे दोन दात गेले, नोकरी गेली, खुर्ची तर आलीच नव्हती. आणि अळी? बिचारीचा काही दोष नव्हता, पण सुरी नेमकी तिच्यावरूनच फिरली.