टोपीवाला खांब

"हुंगा! दोघांनीही हुंगा!" उन्नतीने कुंपणाजवळच्या मातीने भरलेली मूठ फ्लॉसीच्या नाकाखाली धरली.

"शी! अगं, माती आहे की गॅरेजवाल्याचं फडकं?" शेजारची फ्लॉसी किंचाळली.

"आता पटलं? हरेशने डिझेल सांडलेलंच नाही!"

मामेभाऊ हरेशनेही माती हुंगली. आठवडाभर तो घरात चोरासारखा वावरत होता. सांडोर गावातल्या त्यांच्या वाडीतल्या बावखलावर, म्हणजे ज्या तळ्याचं पाणी साऱ्या केळींना जायचं त्याच्यावर, तेलाचा तवंग आला होता. पंपात डिझेल ओतायचं काम हरेशचं, म्हणून चंद्रहासमामांनी सगळं खापर त्याच्यावर फोडलं. केळी पिवळ्या पडत चालल्या, तसं मामांनी ठरवून टाकलं, बावखल बुजवायचं! उद्या सकाळी नऊला जेसीबी येणार होता.

उन्नती मे महिन्याच्या सुट्टीत तुळिंजच्या फ्लॅटमधून मामाकडे आली होती. गेल्या वर्षापर्यंत ती पाहुण्यांसमोर तोंड उघडत नसे. पण यंदा विज्ञान प्रदर्शनात तिने शाळाभर लोकांना मातीचे थर समजावून दिले, आणि तेव्हापासून तिला थांबवणं कुणाला जमलं असेल तर शपथ!

"डिझेल पंपाजवळ सांडलं असतं, तर तिथली केळ आधी गेली असती ना? ती बघ, कशी हिरवीगार! पिवळी रांग सुरू होते थेट त्या कुंपणापासून."

मग काय, दर दहा पावलांवर गुडघाभर खड्डा! प्रत्येक खड्ड्यातली मूठभर माती मामीच्या लोणच्याच्या बरण्यांत पाण्यात कालवायची. पंपाजवळच्या बरणीत नुसता गढूळ चिखल. कुंपणाजवळच्या बरणीत मात्र वर इंद्रधनुष्य तरंगायला लागलं!

कुंपणापलीकडे विलासकाकांचा मोकळा प्लॉट होता. आठ वर्षांपूर्वीपर्यंत तिथे त्यांचं गॅरेज होतं, मग ते वालीवला गेलं. बावखल बुजवायचा सल्ला त्यांचाच, आणि भरावही तेच देणार होते.

"ए, या खांबाला टोपी कशाला?" फ्लॉसीने वर बोट दाखवलं. कुंपणाला लागून लोखंडी खांब होता. मामीची कपडे वाळत घालायची दोरी त्यालाच बांधलेली. टोकावर पत्र्याची टोपी!

"ऊन लागू नये म्हणून!" हरेश आठवड्यात पहिल्यांदाच हसला.

उन्नतीने दगडाने ठोकून पाहिलं. टण्ण! खांब पोकळ होता. हरेशने बादली पालथी घातली, वर चढला, टोपी काढली. भपकन जळक्या तेलाचा वास आला.

"आत काळोख आहे. थांब, काडी पेटवून बघतो!" काजू भाजायला आणलेली काडेपेटी त्याने खिशातून काढली.

"हरेश, नको!" उन्नतीने झेप घेऊन पेटी उडवली. "आत तेलाची वाफ असेल! एक काडी, आणि आपण तिघं..."

तेवढ्यात स्कूटर थांबली. विलासकाका! हरेशने टोपी कशीबशी बसवून खाली उडी मारली.

"काय चाललंय रे?"

"काका, हा खांब कसला?" उन्नतीने भोळा चेहरा केला.

"हा? मीच रोवलाय, वहिनींच्या कपड्यांसाठी. दीड हात पुरलाय." त्यांची नजर खड्ड्यांवर गेली आणि चेहरा उतरला. "बुजवा ते. कुणी पडेल."

रात्री मामांनी बरण्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. "विलासच्या गॅरेजची जमिनीत जळक्या तेलाची टाकी होती, पन ती त्यानं कधीच काढली. फ्लॅटमधल्या पोरीनं मला माती शिकवू नये!" हरेश ताटावरून उठून गेला.

सकाळी नऊला जेसीबी आला. पिवळा पंजा बावखलाच्या काठावर उचलला गेला, आणि उन्नती धावत त्याच्यापुढे उभी राहिली!

"बाजूला हो, पोरी!" मामा ओरडले.

"दोन मिनिटं, मामा! विलासकाका, तो खांब किती पुरलाय?"

"सांगितलं ना, दीड हात!"

"सगळ्यांनी ऐकलंत?"

हरेश बादलीवर चढला. टोपी काढून त्याने सुतळी आत सोडली. टोकाला जड नट, हाता-हातावर गाठ. फ्लॉसी मोठ्याने मोजत होती. "एक, दोन, तीन, चार! खांब जमिनीवर आहे तेवढाच. पाच, सहा! दीड हात संपला की हो, काका! सात... आठ..."

नवव्या गाठीला खालून आवाज आला. चुळुक!

सुतळी वर आली तेव्हा तिचा शेवटचा हातभर तुकडा काळाकुट्ट होता, थेंब गाळणारा. मामांनी तो बोटांत चोळला, हुंगला.

"खांब नाही हा, पुरलेल्या टाकीची हवा जायची नळी आहे!" उन्नती म्हणाली.

"विलास, टाकी काढली होतीस ना?"

"अरे चंदू... वापरात नव्हती. वाटलं, माती टाकली की झालं."

"आनि आता माझ्या पान्यावरही माती टाकनार होतास!"

"आणि मी आठ वर्षं तुमच्या धुराड्याला साड्या वाळत घातल्या!" मामीने रागारागाने दोरीच सोडली.

मामांनी जेसीबी परत पाठवला. टाकी रिकामी करून काढायची, नासलेली माती उचलायची, सगळं विलासकाकांनी साऱ्या आळीसमोर कबूल केलं.

"घरात जमिनीतलं पानी हुडकनारा पानाड्या होता नि मला पत्ता नाय!" मामांनी उन्नतीची पाठ थोपटली.

"पाणाड्या कसला, तेलाड्या!" फ्लॉसी म्हणाली.

मामा हसले नाहीत. ते पंपाच्या खोपीत गेले, आठवडाभर कुलपात ठेवलेलं हँडल घेऊन आले आणि हरेशपुढे धरलं.

"चुकलो रे मी. तवंग निघाला की पंप तूच सुरू करायचा."

हरेशने हँडल दोन्ही हातांनी छातीशी धरलं. त्याच्या शर्टावर तेलाचा हा मोठा डाग पडला, आणि मामी त्याला एक अक्षर बोलली नाही!