चारुशीलाचं शहाणं बोट

"तुयं लग्न ठरलं का गा?"

प्रश्न प्रेमिला आणि पंचफुला या दोन मैत्रिणींनी ठरवून दिला होता. पैज अशी होती, की तो इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबच्या दारात उभं राहून, तिथं शिकणाऱ्या गिरिधरच्या डोळ्यांत पाहून विचारायचा. शामलानं विचारला. अकरावीत आल्यापासून, म्हणजे दोन वेण्यांची एक वेणी झाल्यापासून, तिला कशाचीच भीती वाटेनाशी झाली होती. जिन्याखाली त्या दोघी तोंडात ओढणी कोंबून उभ्या होत्या.

गिरिधरनं हातातली तापलेली सोल्डरिंगची कांडी तशीच धरून ठेवली. मग अगदी गंभीरपणे म्हणाला, "ठरलं ना. आतच आहे. पाह्यची आहे काय?"

आता माघार कशी घ्यायची… ती आत गेली. टेबलावर एक हिरवी पाटी, तिच्यावर काळे काळे चौकोन, कॅल्क्युलेटरसारखी बटणं आणि लाल उजेडाचे आकडे.

"नाव काय हिचं?"

"एटी एटी-फाइव्ह. मायक्रोप्रोसेसर."

"दिसाले काही खास नाही."

"स्वभाव चांगला आहे. सांगतलेलं ऐकते." आणि तो हसला. एकाच गालानं, जणू दुसरा गाल कुणासाठी तरी राखून ठेवला होता. झालं. पैज जिंकायला आलेली शामला मधली सुट्टी संपेपर्यंत तिथंच उभी राहिली.

त्यानं समजावून सांगितलं. कामठीच्या यंत्रमागावर सूत तुटलं, की आडवं सूत नेणारा धोटा परत फिरायच्या आत माग थांबायला हवा, नाहीतर कापडात खोट राहते. तुटलेलं ओळखायचं आणि माग थांबवायचा, हे काम ही पाटी करणार. "नुसतं बरोबर उत्तर पुरत नाही," तो म्हणाला. "वेळेत आलं पाह्यजे."

"माणसायचंही तसंच असते," शामला म्हणून गेली, आणि तिचे कान तापले.

तेवढ्यात मागून आवाज आला. "गिरिधर, घेऊ या का टेस्ट?"

ही चारुशीला. धरमपेठेची, म्हणजे शहरातल्या बड्या वस्तीतली. कडक इस्त्रीची ओढणी आणि लांबसडक, गोरी बोटं. गिरिधरची प्रयोगातली जोडीदार. लॅबमध्ये माग कुठून येणार? म्हणून मागाऐवजी एक लहान मोटर, आणि सूत तुटण्याऐवजी एक बटण. चारुशीला बटण दाबायची. मोटर थांबायची. गिरिधर म्हणायचा, "वा." ती जरा थांबायची, मोटर पुन्हा सुरू व्हायची, पुन्हा ते नाजूक बोट, पुन्हा "वा."

त्या "वा"नं शामलाचा जीव खाल्ला. बायॉलॉजीच्या तासाला बेडकाला टाचण्या टोचताना तिला बेडूक दिसेना, ते बोट दिसे. रोज मधल्या सुट्टीत ती काही ना काही निमित्त काढून लॅबमध्ये जायची आणि रोज जळून परत यायची.

"डबा तरी खा वं," पंचफुला म्हणायची. "रागानं पोट भरते काय?"

"भरते," शामला म्हणायची.

ही पाटी ज्यात मांडायची होती, त्या विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी चारुशीला हसून म्हणाली, "तुला पण दाबायचंय का बटण?" लहान पोराला गोळी द्यावी, तसं. शामला बसली. एकदा शहाण्यासारखं दाबलं. मोटर थांबली. "वा" मात्र आलं नाही. गिरिधर चारुशीलाची सुटलेली क्लिप उचलत होता.

मग शामलाची बोटं आपोआप चालू लागली. तिच्या साऱ्या सुट्ट्या कामठीला बाबनरावमामाच्या घरी, मागांच्या भिंतीला लागून गेलेल्या. जेवताना ताटावर ती तोच ताल धरायची आणि मामीचा मार खायची. तोच ताल आता बटणावर. खटखट… खटखटखट… एक सोडायच्या आत दुसरं. लाल आकडे थरथरले आणि गोठले. मोटर फिरतच राहिली.

"असं कोण दाबतं?" चारुशीला पांढरीफटक झाली होती.

"आमच्याकडचा माग दाबते," शामला म्हणाली. टोचायलाच म्हणाली.

गिरिधरनं वायर उपटली. तिच्याकडे न पाहता म्हणाला, "तू जाय आता."

ती गेली. "दुसरा पाहू वं," असं प्रेमिला म्हणाली, तर तिच्याशीही ती भांडली. जो आपला नव्हताच, तो गेला म्हणून इतकं रडू येतं, हे तिला नवीन होतं.

दुसऱ्या दिवशी मात्र गिरिधर सगळ्यांसमोर बायॉलॉजीच्या लॅबच्या दारात उभा. "शामला… काल केलं, तसं परत करते काय?"

"काहून? परत हाकलाले?"

"प्रदर्शनातून नाव काढलं मी." तो खाली पाहत होता. "मीच पेपर काढला, मीच सोडवला, मीच वा म्हटलं. चारुशीला पाटीले दम खाऊ देते. माग देईल काय? आता खऱ्या मागाजवळ बसून पेपर काढाचा. तुया मामाले विचारशील?"

"मी आन् तू?"

"चारुशीला पण."

रविवारी कामठीच्या बसमध्ये चारुशीला खिडकीशी बसली. गिरिधर तिच्या शेजारी टेकणार, तोच शामला दोघांच्या मध्ये जाऊन बसली. "मले मळमळते," ती म्हणाली. मळमळ कसली, हे तिचं तिला माहीत.

मागांजवळ तिघांनी तीन ठिकाणी बसून पाहिलं. आणि शामलालाच हसू आलं. तिचा ताल हा चांगल्या चालणाऱ्या मागाचा ताल होता. सूत तसं तुटतच नव्हतं. बराच वेळ काहीच नाही, आणि मग सुताची एखादी खराब कांडी आली, की एकामागून एक. तिचाही पेपर खोटाच निघाला होता.

दुपारी मामीनं तर्रीपोहे दिले. चारुशीलाला ठसका लागला. गिरिधरनं स्वतःच्या पाण्याचा ग्लास तिच्यापुढे केला. शामलानं नजर न हलवता वरून दोन मिरच्या खाल्ल्या. भिवापुरी, जाळ काढणाऱ्या.

"रडून राहिली काय वं?" मामी.

"तिखट आहे."

मामीनं गिरिधरकडे एकदा पाहिलं आणि गूळ आणून दिला.

अंगणात सुताच्या लडी वाळत होत्या. त्यांच्याआड शामलानं त्याला गाठलं. "खरं सांग. तुले चारुशीला आवडते ना?"

"चांगली आहे. ती बाजूले असली, की पुढं काय होईल, हे मले माहीत असते. तू असली की… काहीच नाही माहीत राह्यत." त्यानं अंगठा पुढे केला. त्यावर चटक्याचा डाग होता. "लग्नाचं विचारलं होतं, त्या दिवशीचा."

डाग जुना होता. तरी तिनं त्यावर हळूच फुंकर घातली. या वेळी तो दोन्ही गालांनी हसला.

"गिरिधर," आतून चारुशीलाची हाक, "दोन सुतं एकदम तुटली, तर आधी कुणाचं ऐकायचं?"

तो धावत गेला. दोघांची डोकी कागदावर वाकली, पाट्या, आकडे, काय काय. शामला दारात उभी राहिली. पुन्हा तीच जळजळ, पण आता गिरिधर तिचाच होता, मग ही कुणावरून? आधी कुणाचं ऐकायचं, ते तिला सुचलं होतं. पाटीला ते कसं सांगायचं, हे मात्र चारुशीलालाच येत होतं.

संध्याकाळी घरी आई मेथी निवडत होती, बाबा रेडिओची पिन हलवत होते. शामला दोघांच्या मध्ये येऊन बसली.

"बाबा, मी बायॉलॉजी सोडून राहिली. उद्या सरायले अर्ज देते. इलेक्ट्रॉनिक्स घेणार."

आईचा हात थांबला. "डाक्टरकीचं काय मंग?"

"मले बेडूक नाही आवडत, आई."

बाबांनी रेडिओ बंद केला. "तिथं सारे पोरंच असतात म्हणे."

"एक पोरगी आहे," शामला म्हणाली. "चारुशीला. मले तिच्याच बाजूचा बाक पाह्यजे."