एका रात्रीचं विरजण

कुंभेरीत एकाही घरात सगळं काही नव्हतं, आणि तसा नगरपरिषदेचा ठरावच होता. रोज पहाटे दाराशी पेटी येई. तिच्यात दूध, भाजी, औषधं, सगळं असायचं. फक्त प्रत्येक घराला एक वस्तू वर्षभर मिळायची नाही. कादरींकडे शिडी नव्हती, ओव्हाळांकडे खलबत्ता नव्हता आणि रघुवीर तेंडोलकरांना सुई मिळत नसे. बटण तुटलं की हे निवृत्त भूमापक शर्ट खांद्यावर टाकून शेजारी जात आणि जाताना नगरपरिषदेच्या नावाने बोटं मोडत.

"शहाण्या माणसांनी काढलेलं हे वेड आहे," असं त्यांनी डॉ. तेजल वाळिंबेला तोंडावर सांगितलं होतं. तेजल नगरपरिषदेची आरोग्य-नियोजक.

"काका, सगळ्यांना सगळं मिळत होतं, तेव्हा काय झालं? कोणी कोणाचं दार वाजवेना. दवाखाने मात्र भरले."

"एकटेपणानं माणूस आजारी पडतो होय?"

"पडतो. बोलायला कोणी नसलं की शरीर सतत धोक्यात असल्यासारखं वागतं. रक्तदाब चढतो, झोप उडते, जखमा लवकर भरत नाहीत. आम्ही बागा केल्या, बाक टाकले. बाकांवर कबुतरं बसली! मग लक्षात आलं, काहीतरी हवं असलं की माणूस हमखास दुसऱ्याकडे जातो. म्हणून हा उणीव-आराखडा. कोणाच्या घरी काय नसलं म्हणजे तो कोणाकडे जाईल, याचं गणित."

समोरच्या मालिनी शेलटकरांच्या वाट्याला विरजणाची उणीव आली होती. त्यांच्या पेटीतल्या दुधात एक निरुपद्रवी विषाणू असे. तो माणसाला काही करत नाही, दह्याचे जंतू तेवढे खातो, पण सावकाश. त्यामुळे त्यांचं दही रात्रीत छान लागे, पण त्याचंच विरजण दुसऱ्या दिवशी घातलं तर दूध दूधच राही. रोज नवं विरजण हवं. ते गणिताने तेंडोलकरांकडे ठेवलं होतं.

तेंडोलकरांची तब्येत तेव्हा पार खालावली होती. बायको गेल्यापासून ते दुपारपर्यंत अंथरुणातून उठत नसत. पण संध्याकाळी वाटी घेऊन कोणी येणार म्हटल्यावर दही लावणं आलं, आणि ते बरं लागणंही आलं.

"तेंडोलकर, आज दह्याला तार सुटलीय."

"मग कादरींकडे जा."

"त्यांचं आंबट असतं," असं म्हणून मालिनीबाई खुर्ची ओढायच्या आणि अंधार पडेपर्यंत बसायच्या. तेंडोलकर पुन्हा दाढी करू लागले. रक्तदाबही उतरला.

पाडव्याला सगळ्यांच्या उणिवा बदलल्या. तेंडोलकरांच्या पेटीत सुई आली. मालिनीबाईंचं दूध साधं झालं. त्या संध्याकाळी तेंडोलकरांनी तरीही दही काढून ठेवलं आणि स्वतःवरच चिडले. बाईंचं आता इथे काय काम?

घंटा वाजली. मालिनीबाई होत्या, हात रिकामे.

"वाटी?"

"घरचं विरजण चालतं आता."

"मग?"

"मग काय मग? येऊ नको? सरका की!"

तेंडोलकरांना इतका आनंद झाला की त्यांनी चहात दोनदा साखर घातली. मालिनीबाईंनी तो निमूट प्यायला.

पुढच्या आठवड्यात तेजल आली. तेंडोलकरांनी तिच्यापुढे ताकाचा पेला ठेवला आणि विजयी स्वरात म्हणाले, "हरलात! त्या अजून येतात. उणीव नसताना!"

तेजल हसली. "येणार हे गणितात दिसलंच होतं, काका. उणीव हा नुसता टेकू. माया जडली की आम्ही तो काढून घेतो."

तेंडोलकर जरा हिरमुसले. "असेना. आल्या ना?"

"आल्या. आणि हो, पुढच्या पाडव्यापासून विरजणाची उणीव ओव्हाळांना. ते तुमच्याकडे येतील."

"त्यांना कशाला माझ्या गळ्यात बांधता? मालिनीबाई येतातच की रोज."

तेजलने ओठाशी नेलेला पेला खाली ठेवला. नको ते बोलून गेले, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"म्हणजे पुढच्या वर्षी त्या नसतील, असं गणितात दिसतंय?" तेंडोलकरांनी विचारलं. "काय झालंय त्यांना? औषध द्या ना!"

"आजार अजून झालेलाच नाही, काका. सगळ्या तपासण्या चांगल्या आहेत, औषध कशावर देऊ? गणिताला फक्त कल दिसतो. चुकूही शकतं ते."

"आजवर चुकलंय?"

तेजलने नकारार्थी मान हलवली.

घंटा वाजली. तेंडोलकर उठले. दाराशी जाऊन त्यांनी शर्टाचं वरचं बटण मुठीत धरलं आणि हिसका देऊन तोडलं. सुई त्यांच्या खणात होती. तेजलने ते पाहिलं.

"हे काय, पुन्हा तुटलं?" आत येत मालिनीबाई म्हणाल्या.

"तुटलं. तेवढं लावून द्या," तेंडोलकर म्हणाले. "बसा. सावकाश लावा, घाई नाही."