अकरा भेटींचा आरोप

“सदर केंद्राच्या उपचारक आणि तपासणी अधिकारी यांच्यात तपासणीपूर्वीपासून वैयक्तिक जवळीक होती, अनुकूल अहवाल हा त्या जवळिकीचाच परिणाम होय.”

चौकशी समितीपुढे दाखल झालेल्या तक्रारीतले हे वाक्य. वाक्य आटोपशीर आहे, व्याकरण निर्दोष आहे. त्यात सत्य तेवढे नाही. तक्रारदार एका खाजगी व्यसनमुक्ती केंद्राचे संचालक. त्यांच्या फाटकावर ‘एकवीस दिवसांत शंभर टक्के मुक्ती’ अशी पाटी आहे. आतल्या खोल्यांच्या कड्या बाहेरून का, असा प्रश्न याच तपासनिसाने त्यांना मागे लेखी विचारला होता. उत्तर आले नाही, तक्रार आली. चोराच्या उलट्या बोंबा हा वाक्प्रचार झिजलेला आहे खरा, पण त्याला काम मिळतच राहते.

पुरावे दोन. पहिला असा की तपासणी एकदाच करायची असताना तपासनीस केंद्रात अकरा वेळा गेला. दुसरा असा की तपासणीच्या दिवशी तिथे हजर असलेल्या संचालकांच्या कारकुनाने उपचारक बाईंना तपासनिसाला ‘अहो’ अशी ‘पत्नीसदृश हाक’ मारताना ऐकले.

दुसरा आधी घेऊ. मराठीत ‘अहो’ म्हणजे नवरा, हे संचालकांना ठाऊक आहे. मराठीत ‘अहो’ म्हणजे रांगेत पाय तुडवणारा, चुकीच्या खिडकीशी ताटकळणारा, पिशवी विसरून निघालेला असा कोणीही इसम, हे त्यांना ठाऊक नाही. त्यांचा न्याय मानला तर कुठल्याही कचेरीत दिवसाला शंभर लग्ने लागतील.

हसण्यावारी नेण्याजोगे मात्र काही नव्हते. आरोप सिद्ध झाला असता तर केंद्राची मान्यता गेली असती, उपचारक बाईंचा परवाना गेला असता, आणि दर आठवड्याला स्वतःच्या पायांनी येणारी बासष्ट माणसे त्या बाहेरून कड्या असलेल्या खोल्यांकडे वळवली गेली असती.

आता घडले काय ते.

मंगळवारची सकाळ. तळमजल्यावरच्या व्हरांड्यात हिरवे बाक, फिनाइलचा वास, कोपऱ्यात वजनकाटा. बाकाच्या टोकाला एक नवा माणूस बसलेला. डोळे लाल, दाढी दोन दिवसांची, हातातल्या कागदाच्या पेल्यातला चहा किंचित हिंदकळत होता. दार उघडून उपचारक बाईने पाहिले. वय तिचे चौतीस. तिच्या दुप्पट वयाची माणसेही तिला ताई म्हणत.

“अहो, तुम्ही… आत या ना.”

तो आत आला. “मी तपासणीसाठी आलोय.”

“बसा. तपासणीच करणार आहे.”

भाषेने केलेला हा घात. तो म्हणाला, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. ती म्हणाली, पहिल्या दिवशी सगळ्यांना तसेच वाटते. तो म्हणाला, मी दारू पीत नाही. तिने मान डोलावली आणि लिहिले : ठाम नकार. तो म्हणाला, थेंबभरही नाही. तिने ‘ठाम’खाली रेघ ओढली. तिच्या व्यवसायात नकार हे आजाराचे पहिले लक्षण मानतात, त्यामुळे निर्व्यसनी माणसाला तिच्यापुढे सुटकेचा मार्गच नव्हता.

मग तिने विचारले, घरी कोण पीत होते? आणि ओळखपत्र काढण्यासाठी खिशात गेलेला त्याचा हात तिथेच थांबला.

चाळीस मिनिटे तो बोलला. ती मध्ये बोलली नाही, घड्याळाकडे पाहिले नाही. खिडकीतून त्याच्या डोळ्यांवर ऊन आले तेव्हा उठून तिने पडदा तेवढा अर्धा ओढला. शेवटी त्याने ओळखपत्र टेबलावर ठेवले. ते वाचून ती कानांपर्यंत लाल झाली.

“हे आधी नाही का सांगायचं?”

“दोनदा सांगितलं,” तो म्हणाला. “तुम्ही दोन्ही वेळा लिहून घेतलंत.”

तिने कागदावर ‘रुग्ण नव्हे’ असे लिहून सही केली. फाडून टाका, तो म्हणाला. इथला कागद फाडत नाही, ती म्हणाली, आणि कागद कुलपाच्या कपाटात गेला.

त्या माणसाने आठवड्याभरात केंद्रावर अहवाल लिहिला. त्यात सतरा त्रुटी आहेत. वजनकाटा दोन किलो जास्त दाखवतो ही सहावी. उपचारक रुग्णाची ओळख पटवून न घेता प्रश्न विचारतात ही अकरावी. ‘अनुकूल’ म्हणावे असे वाक्य एकच : “येथे पुन्हा पिऊन घसरलेल्या रुग्णाची नोंद घसरला अशीच होते, सबब येथील आकडे वाईट आणि विश्वासार्ह आहेत. मान्यता चालू ठेवावी.” प्रेमात पडलेला पुरुष असे लिहीत असेल, तर प्रेमपत्रांच्या इतिहासाची मांडणी नव्याने करावी लागेल. अकरावी त्रुटी वाचून ती दोन दिवस धुमसत होती. घरी आईजवळ तिने त्याला ‘चिकट’ असे नावही ठेवले.

मग तक्रार आली, आणि समितीने आदेश काढला : केंद्राच्या तीन वर्षांच्या नोंदींच्या प्रती सादर कराव्यात, प्रत्येक पान उपचारक आणि तपासनीस यांनी समोरासमोर बसून पडताळावे आणि दोघांनी सही करावी. पाने अडीच हजार. दुपारी लागल्या दहा. एक आणि दहा मिळून अकरा होतात. अकरा भेटींचा पुरावा म्हणतात तो हा. पुरवणी तक्रारीत तो घालताना संचालकांनी त्यातल्या दहा भेटी समितीच्याच सहीने झाल्या होत्या हे पाहिले नाही. समितीनेही पाहिले नाही.

नोंदींची खोली अरुंद होती. एक टेबल, दोन खुर्च्या, वर कुरकुरणारा पंखा. पहिल्या दुपारी ते शिक्क्याच्या जागेवरून भांडले. दुसऱ्या दुपारी तारखांवरून. तिसऱ्या दुपारी भांडायला विषय उरला नाही, तेव्हा दोघेही जरा अवघडले.

“तुमची सही दर पानाला लहान होत चाललीय,” ती म्हणाली.

“जागा ठेवतो.”

“कशाला?”

“तुमची शेजारी येते ना… दाटीवाटी नको.”

तिने मान वर केली नाही, पण पुढच्या पानावर तिची सही जरा डावीकडे सरकली. दारातून जाणाऱ्या सिस्टरने चष्म्यावरून पाहिले. गेली एकवीस वर्षे ती या केंद्रात लोकांची सोंगे पाहत आली होती. “साहेब, पानं संपल्यावर काय करणार?”

“पाठपोट तपासायचंय, सिस्टर.”

घरीही गोष्ट लपत नव्हती. ज्या माणसाचा राग येतो त्याचे नाव जेवताना चार वेळा निघत नाही, असे आईने आमटी वाढता वाढता सांगितले, आणि हा चिकट दिसायला कसा आहे हेही विचारून घेतले.

पाचव्या दुपारी आठ महिने कोरडा राहिलेला एक ड्रायव्हर झोकांड्या खात आला आणि दारातच रडू लागला. तिने सह्या सोडल्या, त्याला बाकावर बसवले, पाणी दिले. “आलात ना, बरं झालं,” एवढेच म्हणाली. आणि परत येऊन नोंद लिहायला घेतली.

“हे आज लिहिणार?” तपासनीस हळूच म्हणाला. “चौकशी चालू असताना? संचालक हेच पान धरतील.”

“धरू देत. मी कागदावर खोटं लिहिलं, तर उद्या तो मला खरं का सांगेल?”

बराच वेळ त्याने एकाही पानावर सही केली नाही; ती लिहीत होती, आणि तो तिच्या पेनाकडे पाहत होता. त्या पेनाकडेच पाहत होता असे आपण मानू.

सुनावणी सकाळी अकराला सुरू झाली. अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश होत्या आणि थोडक्यात बोलत. तपासणीपूर्वी ओळख नव्हती याला पुरावा काय, असे त्यांनी विचारले. पुरावा होता, कुलपाच्या कपाटात होता. ज्या बाईने एका माणसाला दारुडा समजून चाळीस मिनिटे प्रश्न विचारले, तिची त्याच्याशी आधीची जवळीक कोण मानील? पण तिने तो द्यायला नकार दिला. माझ्यासमोर बोललेले माझे नसते, ती म्हणाली. अध्यक्षबाईंनी परिणामांची जाणीव करून दिली. जाणीव आहे, ती म्हणाली. संचालक मंद हसले.

तेव्हा तपासनीस उभा राहिला. “तो कागद माझा आहे. माझी हरकत नाही. मी वाचतो.”

कपाटातून कागद आला. त्याने उभ्यानेच वाचला : ठाम नकार. झोप कमी. घरी कोणी नाही. वडील पीत. वयाच्या नवव्या वर्षापासून हा मुलगा वडिलांच्या बाटलीवर पेन्सिलीने खूण करीत असे. सकाळी पातळी किती उतरली ते पाही, आणि त्यावरून शाळेला जायचे की आईजवळ थांबायचे ते ठरवी. हे आजवर कोणाला सांगितलेले नाही. त्याखाली तिचा शेरा : ‘हुशार. फार एकटा. पुन्हा यावे.’

त्याचा आवाज एकदाच, ‘आईजवळ’ या शब्दावर, अडखळला. संचालकांचे हसू तोंडावरच राहिले होते. त्याचे काय करावे हे त्यांना सुचत नव्हते.

तक्रार फेटाळली गेली. मान्यता पाच वर्षांनी वाढली. बाहेरच्या कड्यांचा प्रश्न अध्यक्षबाईंनी स्वतःहून चौकशीला घेतला, आणि महिन्याभरात ‘शंभर टक्के मुक्ती’ची पाटीही उतरली, कड्याही उतरल्या. तपासनिसाने दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या विभागात बदली मागितली, म्हणजे पुढे कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये. लग्न त्यानंतरचे, आणि साक्षीदार म्हणून सही सिस्टरची. पण हा सगळा तपशील नंतरचा. कागद वाचून झाल्यावर, अजून निकाल लागायचा असताना, हरत चाललेल्या संचालकांनी एक शेवटचा प्रश्न विचारू देण्याची विनंती केली होती : पूर्वीचे राहू द्या, आज या अधिकाऱ्याविषयी बाईंच्या मनात काही भावना आहेत काय? अध्यक्षबाई म्हणाल्या, उत्तर देणे बंधनकारक नाही. नाही म्हणणे सोपे होते, आणि शहाणपणाचेही. तिने त्याच्याकडे पाहिले नाही. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली आणि जे सांगितले ते इतिवृत्ताच्या चौदाव्या पानावर, लघुलेखकाने घेतले तसे, आहे :

“हो, आहेत. अहवालाच्या दिवशी नव्हत्या. त्या दिवशी मला हे फक्त थकलेले वाटले होते, आणि अहवाल वाचल्यावर चिकट. सातव्या दुपारी यांना यायला वीस मिनिटं उशीर झाला, तेव्हा मला कळलं. मी यांना सांगितलेलं नाही… म्हणजे आत्ताच सांगितलं, ते तिथे बसलेत. रोज सकाळी माझ्यासमोर माणसं आपलं सगळ्यात लपवलेलं बोलून दाखवतात. मला एकदा बोलायची वेळ आली तर मी नाही कसं म्हणू? नोंद करायची तर नीट करा. प्रेम आहे, आणि ते या समितीच्याच आदेशानं झालं आहे.”