मैद्यावरची पावलं

बेकरीवाला गेला होता भट्टीसाठी लाकडं आणायला आणि घेऊन आला कोल्ह्याचं पिल्लू. त्याची आई गाडीखाली सापडून रस्त्याकडेला मरून पडली होती. मागचा एक पाय तिने आधीच कुठल्याशा सापळ्यात गमावलेला. त्या तीनपायी कोल्हिणीला त्याने झाडाखाली पुरलं आणि पिल्लू पावाच्या टोपलीत घालून घरी आणलं.

"माझ्यासाठी लेक आणलीत की काय?" बायको म्हणाली, आणि पहिलं दूध तिनेच पाजलं.

घरात नुसता धुमाकूळ सुरू झाला. पिल्लू मैद्याच्या पोत्यात शिरायचं, पांढरंफटक होऊन बाहेर यायचं, आणि नवराबायको पोट धरून हसायची. पण जरा मोठं झाल्यावर ते संध्याकाळी मागच्या दाराशी, रानाकडे तोंड करून बसू लागलं. बेकरीवाल्याला वाटलं, हे एक दिवस रानात निघून जाणार. त्याने लाल पट्टा आणला, साखळी आणली. त्या दिवसापासून पिल्लाने अन्न सोडलं.

एका संध्याकाळी त्याने रोजच्यासारखी दाराला आतून कडी घातली आणि जमिनीवर मैदा भुरभुरला. रात्री उंदीर फिरले का, ते त्याला सकाळी त्यावरून कळायचं. भट्टी निवत होती. इतक्यात ताज्या पावाच्या वासात दुसराच वास मिसळला. ओल्या मातीचा, केसाळ अंगाचा. कुणीतरी धापा टाकत होतं.

"उंदीर असेल..." तो पुटपुटला.

"उंदीर असा श्वास घेतो...?" बायकोने विचारलं.

समोरच्या मैद्यावर एक पाऊल उमटलं. मग दुसरं, मग तिसरं. चौथ्याच्या जागी मैदा तसाच राहिला. पावलं पिल्लाच्या टोपलीपाशी येऊन थांबली. इतके दिवस मान न उचललेलं पिल्लू उठलं आणि शेपूट हलवत रिकाम्या हवेला चाटू लागलं.

"सोडा तिला..." बायको कुजबुजली. "आई न्यायला आलीये."

"आपल्याशिवाय कशी जगेल गं ती?"

"आपल्यापाशी तरी कुठं जगतेय?"

त्याने पट्टा कापला, कडी काढली. पिल्लाने बाहेर झेप घेतली. गवतात कोलांट्या मारत, आनंदाने ओरडत ते पळालं, आणि त्याच्या शेजारचं गवत आपोआप वाकत गेलं. बेकरीवाला रडता रडता हसू लागला. इतकं सुखी त्याने ते कधीच पाहिलं नव्हतं.

पुढच्या वर्षी एका सकाळी त्याने मागचं दार उघडलं, तर बाहेरच्या ओल्या मातीत कोल्हिणीची पावलं होती, आणि भोवती इवलीइवली कितीतरी.

"लेक माहेरी येऊन गेली हो!" बायको गरम पाव घेऊन धावली.

त्याने तिचा हात धरला. "नको. त्यांचं रानच बरं त्यांना."

दोघं हसत मागे वळली. आत मैद्यावर दारापासून टोपलीपर्यंत तीन पायांची पावलं होती, त्यांत ताजी माती. कडी तर त्याने आत्ताच काढली होती. परत जाणारं एकही पाऊल नव्हतं. त्याने पिल्लाच्या रिकाम्या टोपलीत हात घातला. टोपली कोमट होती.