कठड्यापाशी दोघी

“वहिनी, ते शेवटचं वाजवतील ना, तेव्हा आपण दोघी अगदी पुढे. कठड्याला पोट टेकून. मागेबिगे उभं राहायचं नाही, कळलं?”

चौदा वर्षांपूर्वी माझी धाकटी नणंद हे बोलली तेव्हा तिच्या नाकात नळी होती आणि सकाळी तिची छाती उघडायची होती. मी मान हलवली. मग बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून देवाला दुसराच शब्द दिला. हिला राहू दे. आमच्या आवडत्या बँडची गाणी मी सोडली. आजपासून एकही ऐकणार नाही.

मला तेव्हा देण्यासारखं दुसरं काही नव्हतं. लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती नणंदच, आणि तिनं मला पहिली वस्तू दिली ती त्या बँडची कॅसेट. गायकाचा आवाज फाटका, म्हणून आम्ही त्याला घोगऱ्या म्हणायचो. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना घोगऱ्या आमच्याबरोबर. दोघींनी मिळून त्यांचे नऊ कार्यक्रम पाहिले.

नणंद वाचली. मी शब्द पाळला.

सकाळची प्रार्थना झाल्याशिवाय मी पाणी घेत नाही, आणि देवाला दिलेला शब्द माणसाला सांगत नाही. सांगितलेलं व्रत म्हणजे सांडलेलं दूध, असं आई म्हणायची. त्यामुळे नणंदेला एवढंच दिसलं, की ती बरी होऊन घरी आली आणि वहिनीनं कॅसेटी माळ्यावर टाकल्या. दहाव्या कार्यक्रमाला ती एकटी गेली. पुढे येणंजाणं तुटलं. कुणाच्याशा लग्नात सगळ्यांदेखत म्हणाली, “माझा आजार उतरला आणि वहिनीची माया उतरली. आजारी होते तेच बरं होतं.” सगळे हसले. मीही हसले.

यंदा बँडनं निरोपाचा कार्यक्रम जाहीर केला. नणंदेनं तिकीट ह्यांच्या हाती पाठवलं. निरोप असा : “शेवटचं विचारतेय. नाही आली तर नणंद मेली समज म्हणावं.”

हे म्हणाले, “जाऊन ये की. देव काय कान लावून बसलाय?”

ह्यांना काही ठाऊक नव्हतं. पण मला वाट सापडली. मी कान तपासते. इस्पितळाच्या तळमजल्यावर आवाजबंद खोली आहे, तिच्यात पेशंट बसतो, काचेच्या अलीकडे मी. मी कानात आवाज सोडायचा, ऐकू आला की त्यानं बोट वर करायचं. बावीस वर्षं हेच काम. कोण खरंच बहिरं आणि कोण रजेसाठी बहिरं झालंय, ते मला बोटावरून कळतं. तिथल्या खणातून मी कानात घालायची फोमची दोन बुचं घेतली. जायचं, पण ऐकायचं नाही. नणंदही राहील, शब्दही राहील. देवाशी अशी चलाखी माझ्यासारखीच करू जाणे.

कार्यक्रम दुपारी चारचा होता. रांगेत नणंद भेटली. केस पिकले होते, बँडचा जुना सदरा पोटावर ताणला होता.

“आलीस? मला वाटलं, ऐनवेळी तुझी प्रार्थना निघेल.”

“सकाळीच केली.”

“चला. म्हणजे देवानं सुट्टी दिली.”

पुढच्या उंच माणसानं छोटा स्पीकर काढला. सगळी रांग डोलायला लागली. नणंद माझ्या खांद्यावर ताल धरू लागली. मला काही ऐकू आलं नाही. बुचं अजून पर्समध्ये होती. गडबड खूप आहे, असं मी मनाशी म्हटलं. पण पलीकडे कुणीतरी वेफर्सचं पाकीट फोडलं, तेही मला ऐकू आलं.

आत आम्हाला कठडा मिळाला. लोखंडी, उन्हानं तापलेला. मी पाठ वळवून बुचं बसवली.

मंचावरचे दिवे लागले. घोगऱ्या आला. म्हातारा झाला होता, काठी टेकत होता. ढोलकऱ्यानं काठ्या उचलल्या आणि कठडा माझ्या पोटाशी थरथरायला लागला.

आवाज नव्हता.

मी हे काम जाणते. ती बुचं तीस डेसिबल अडवतात, फार तर तेहतीस. हाताच्या अंतरावर भिंतीएवढे स्पीकर होते. एवढं काहीच न येणं शक्य नव्हतं. मी एक बूच काढलं. मग दुसरं.

पहारेकऱ्याचा वायरलेस खरखरत होता. मागच्या बाईच्या बांगड्या वाजत होत्या. मंचावरून काही नाही. हजारो लोक तोंडं उघडून गात होते आणि त्यांच्या तोंडातून काही निघत नव्हतं. गाणं संपलं की आरडाओरडा एकदम यायचा, पुढचं सुरू झालं की कापल्यासारखा जायचा.

“कसं वाटतंय?” दोन गाण्यांच्या मधे नणंदेनं विचारलं.

“छान.”

शांततेतही बोट वर करणारे पेशंट मी रोज पाहते. आज मी तशीच मान डोलवत होते.

तासभर. मग घोगऱ्यानं काठी बाजूला ठेवली आणि नणंदेनं माझा दंड धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “हे आपलं,” ती म्हणाली. “स्वयंपाकघरातलं.”

त्याचे ओठ हलू लागले. मला शब्द पाठ होते, तरी सूर आठवेना. चौदा वर्षांत तोही गेला होता. माझ्या मनात जे आलं ते मी दाबायला हवं होतं. दाबलं नाही. देवा, पुष्कळ पाळलं. बोलणी खाल्ली. एक गाणं दे. एकच.

आधी खर्ज आला. तपासणीत येतो तसा, अगदी खालून, आहे की नाही कळू नये असा. मग गिटार. मग घोगऱ्या, म्हातारा, फाटका, जसाच्या तसा. मी रडायला लागले. इतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही.

“वहिनी,” नणंद म्हणाली. “बंद का केलं त्यांनी?”

मी वळून पाहिलं. ती मंचाकडे बघत होती. ढोलकऱ्याचे हात फिरत होते.

“तारबीर तुटली का? तुला येतंय?”

गाणं चढत होतं. तिचा आवाज बारीक होत होता. मग तिचे ओठ नुसते हलताना दिसले. माझ्या दंडावरचा हात सैल झाला, आणि गार. त्या उन्हात गार. ओठांचा रंग मला ओळखीचा होता. चौदा वर्षांपूर्वी पाहिला होता.

नको, मी म्हटलं. परत घे. मी कान दाबले. गाणं कानांच्या आतून येत होतं.

मग मी तिचा हात सोडवला आणि मंचाकडे पाठ करून चालायला लागले.

दहा पावलांत गिटार गेली.

आणखी दहा पावलांवर घोगऱ्या गेला. मी मागे पाहिलं. नणंदेच्या तोंडावर रंग आला होता. माणसांच्या डोक्यांवरून ती मला शोधत होती. मी तिला दिसले.

“पळाली!” ती ओरडली. स्पष्ट, दणदणीत. “पुन्हा पळाली! अगं, एक गाणं तरी थांबायचंस! तशीच आहेस तू! तोंड दाखवू नकोस मला!”

सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.

फाटकाबाहेर रस्ता रिकामा होता. मागच्या मैदानातून काहीच येत नव्हतं, टाळीसुद्धा नाही. फक्त एक श्वास येत होता. माझा नव्हे, नणंदेचा; चौदा वर्षांपूर्वी तिच्या उशाशी बसून रात्रभर ऐकलेला. आत, बाहेर, अगदी कानाशी, पेशंटला हेडफोन लावल्यावर माइकमधून येतो तसा. कपाळाचा घाम पुसायला मी विजेच्या खांबापाशी थांबले.

तोही थांबला.

मी पदर खोचला आणि चालू लागले. श्वास सुरू झाला. घर सहा मैलांवर होतं. मी घराचं वळण घेतलं नाही, सरळ जाणारा रस्ता धरला.