हिरवी टिक

सामानाची यादी फोनवर करायची ही टूम ठकूचीच. ती एका ॲप बनवणाऱ्या कंपनीत तक्रारींना उत्तरं द्यायची. दिवसभर परक्यांचं 'चालत नाही हो' ऐकायचं आणि संध्याकाळी आईबाबांकडे डोकावलं की दूध कोणी आणायचं होतं यावरून तिथेही तेच. शेवटी वैतागून तिने तिघांच्या फोनवर एकच यादी बसवून दिली. एकाने लिहिलं की तिघांना दिसणार. वस्तू आणली की पुढच्या चौकटीत टिक करायची. अक्षरांना आणि टिकेला ज्याचा त्याचा रंग ठरलेला: आईचा हिरवा, बाबांचा निळा, ठकूचा नारिंगी.

आईने पहिल्याच दिवशी दंडक घातला. वस्तू घरात आल्याशिवाय टिक नाही, आणि एकाने टिक केली की दुसऱ्याने ती वस्तू आणायची नाही. बाबांना हे कधीच जमलं नाही. दुकानात साबण हातात घेतला की ते लगेच टिक करत, आणि पिशवी काउंटरवरच विसरून मजेत घरी येत. "टिक दिसली, पिशवी कुठाय?" असं आई दारातच विचारायची आणि त्यांची निळी टिक काढून टाकायची. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी!

आईची शेवटची टिक 'तपकिरी दोरा' या ओळीपुढे होती. बाबांच्या उजव्या चपलेचा पट्टा तुटला होता, तो शिवायचा म्हणून आणलेला दोरा. शिवायचं राहूनच गेलं. त्याच रात्री तिला दवाखान्यात न्यावं लागलं आणि चौथ्या दिवशी ती गेली.

त्याला आठ महिने झाले. बाबा तीच तुटकी चप्पल फरफटत घरभर हिंडत. ठकू म्हणायची, नवी आणते. ते म्हणायचे, "दोरा आणलाय की तिने." यादीतून आईचं नाव काढायला ठकूचाही हात धजावला नाही. तिची आई आता त्या हिरव्या ओळींपुरतीच उरली होती. ऑफिसात जेवताना ती त्या वर सरकवत वाचत बसायची आणि डोळे भरून आले की पाणी प्यायच्या निमित्ताने उठायची.

एका मंगळवारी यादीत हिरव्या अक्षरांत नवी ओळ आली. 'यांच्या चपला.'

ठकू घाबरली नाही. अशा तक्रारी ती रोज वाचायची. जुनी नोंद कुठेतरी अडकते आणि मग उशिरा पोचते. तसं उत्तर तिला तोंडपाठ होतं. दुसऱ्या दिवशी त्या ओळीपुढे हिरवी टिक आली. तिने सहज म्हणून बाबांना फोन लावला.

"बाबा, काय करताय?"

"चपला शोधतोय गं. काल होत्या, आज नाहीत."

"पलंगाखाली बघा. काखेत कळसा असेल."

"सगळं बघून झालं," बाबा म्हणाले. आवाजात वैताग मात्र नव्हता.

मग आठवड्यात एखादी ओळ येऊ लागली. 'यांचा मग, कान उडालेला.' 'राखी स्वेटर.' 'चष्म्याचं घर.' आधी ओळ यायची, मग टिक, आणि टिक आली की ती वस्तू बाबांच्या घरातून गेलेली असायची. ठकू रविवारी गेली. आईचा फोन तिने कपाटातून काढला. तो बंदच होता, आणि आतलं सिमकार्ड ठकूने स्वतः परत केलं होतं. मग तिने बाबांचा फोन तपासला, परवलीचे शब्द बदलले, दाराचं कुलूपही बदललं. कपाटं उपसली, माळा उपसला. फळीवर बाबांचा मग असायचा तिथे त्याच्या बुडाचं गोल वर्तुळ तेवढं होतं.

"बाबा, तुम्हीच तर लपवत नाही ना? खरं सांगा, मी रागावणार नाही."

"मी कशाला लपवू?" ते खिडकीपाशी बसून होते, अनवाणी. "घर लावतेय ती. आधी बारीकसारीक नेतेय. तिची पद्धतच ती."

"असं बोलू नका हो."

"बरं, नाही बोलत," ते म्हणाले. पण कित्येक महिन्यांनी त्यांनी दाढी केलेली होती. ते पाहून ठकूला बरं वाटायला हवं होतं. तिला रडू आलं.

पुढच्या बुधवारी सकाळी ओळ आली. 'यांना आणायचं.'

ठकूने ऑफिसात निरोपसुद्धा दिला नाही. तासाभरात बाबांना, त्यांच्या गोळ्यांना आणि दोन जोडी कपड्यांना घेऊन ती आपल्या घरी आली. बाबांनी मुकाट्याने सगळं करू दिलं. त्यांना आतल्या खोलीत बसवून ती स्वयंपाकघरात गेली, फोन काढला आणि त्या ओळीपुढे टिक केली. नारिंगी. एकाने आणलं की दुसऱ्याने आणायचं नाही. दंडक आईचाच होता.

"मी आणलंय त्यांना," ती हलकेच म्हणाली. "राहू दे गं आई. माहेरचं मला दुसरं कोण आहे?"

आठ दिवस टिक तशीच राहिली. बाबा जेवत, जावयाशी पत्ते खेळत, नातीच्या गणितात चुका काढत. तरी ठकूने त्यांचा फोन बंद करून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला होता. त्यांनी तो एकदाही मागितला नाही.

नवव्या दिवशी, दुपारी, एका गिऱ्हाईकाला 'आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व' असं लिहिता लिहिता तिने यादी उघडली.

नारिंगी टिक काढलेली होती. चौकट रिकामी.

ती बघत असतानाच चौकट भरली. निळी टिक.

तिने पर्स उघडली. बाबांचा फोन तिथेच होता, बंद, काचेवर तिच्या कंगव्याचा ओरखडा.

तिने घरी फोन लावला. नवरा घरूनच काम करायचा.

"बाबा कुठायत?"

"झोपलेत. आत्ताच बघून आलो. का गं?"

"श्वास चालू आहे ना?"

"घोरतायत! असं काय विचारतेस?"

ठकूला हसू आलं, रडूही आलं. बाबांची खोड! आणण्याआधीच टिक. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. टिक झाली होती, पिशवी अजून काउंटरवरच होती. तिला फक्त वेळेत पोचायचं होतं.

ती धावली. घरी पोचल्यावर लिफ्टची वाट न बघता चार जिने चढली.

नवऱ्याने दार उघडलं. तो कानाला फोन लावून कोणाशी तरी कामाचं बोलत होता. त्याने बोटाने आतली खोली दाखवली.

घोरण्याचा आवाज येत नव्हता.

बाबा उताणे झोपले होते, गळ्यापर्यंत पांघरूण. दाढी ताजी होती. तिने त्यांच्या कपाळावर हात ठेवला. ते गार होतं. मग पलंगाच्या कडेवर बसून तिने त्यांना पुष्कळ हाका मारल्या.

पांघरुणातून त्यांचे पाय बाहेर आले होते. पायांत चपला होत्या, त्याच जुन्या.

उजवीचा पट्टा शिवलेला होता. तपकिरी दोरा, बारीक, एकाला एक लागून घातलेले टाके. ठकूच्या शाळेच्या दप्तरावर असायचे तसे.